काच दोन बोटं खाली

मी बोलतेय ती मिशिगनमधली एक जुनी गाडी. चार दारं, चंदेरी रंग, वय वर्षं एकोणीस. जन्माने अमेरिकन आहे, पण गेली दहा वर्षं मराठी माणसांच्या हाती होते, त्यामुळे मनातलं सगळं मराठीतच येतं. रागसुद्धा.

एरवी मी ही कहाणी ऐसपैस सांगितली असती. आज घाई आहे. माझ्यामुळे दोन जीव धोक्यात आहेत आणि त्यांना त्याचा पत्ता नाही. ज्यांना पत्ता आहे ते इथून तीस मैलांवर, नोव्ही नावाच्या गावात, आपल्या घरात बसले आहेत. मी काय म्हणते ते समजायला थोडं मागून सांगावं लागेल. तेवढं ऐकून घ्या.

ओहायोतल्या एका कारखान्यात माझे भाग जोडले गेले. पहिली मालकीण मिसेस क्रॅमर, ॲन आर्बरला पियानो शिकवणाऱ्या एक विधवा बाई. नऊ वर्षांत त्यांनी मला चर्च, वाणसामान आणि बहिणीचं घर याखेरीज कुठे नेलं नाही. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते मीठ गाडीच्या पोटाला चिकटतं आणि लोखंड खातं. मिसेस क्रॅमर दर शनिवारी माझं पोट धुऊन घ्यायच्या. पुढे त्या वृद्धाश्रमात गेल्या, मी विकली गेले, आणि त्यानंतर माझं पोट कोणी धुतलं नाही.

मला घेतलं परीक्षितने. सांगलीचा मुलगा, पीएच.डी.साठी आलेला. त्याचा विषय काय, तर धातू गंजतात कसे. दिवसभर प्रयोगशाळेत गंजाचा अभ्यास करायचा आणि संध्याकाळी माझ्यासारख्या गंजत चाललेल्या गाडीत बसून घरी जायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण मुलगा प्रेमळ होता. पहिल्या दिवशी त्याने माझ्या चाकांखाली लिंबं ठेवली, फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला आणि माझ्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. शेजारच्या कोरियन मुलीने त्याचा व्हिडिओ काढला. मला फार बरं वाटलं होतं.

त्याच्या तिसऱ्या हिवाळ्यात ते पहिल्यांदा घडलं. जानेवारीत बर्फामुळे हायवेवर दीड तास गाड्या अडकल्या होत्या. हीटर चालू, काचा बंद. परीक्षित घरी पोचला तेव्हा त्याला दाराच्या कुलपात किल्ली घालता येईना. दोनदा प्रयत्न करून तो तिथेच पायरीवर बसला आणि ओकला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने मला वर उचललं, खालून टॉर्च मारला आणि शीळ घातली. धूर मागे नेणारी नळी मागच्या सीटखाली चाळणीसारखी झाली होती आणि तिच्या वरचा पत्राही कुजला होता. धूर मागून बाहेर पडायच्या ऐवजी थोडाथोडा आत, माणसं बसतात तिथे शिरत होता. "यात कार्बन मोनॉक्साइड असतो," गॅरेजवाला म्हणाला. "त्याला वास नाही, रंग नाही. आधी डोकं दुखतं, मग झोप येते, आणि मग माणूस उठत नाही." दुरुस्तीचा जो आकडा त्याने सांगितला तो माझ्या किमतीपेक्षा मोठा होता.

मिशिगनमध्ये गाडीची दरवर्षी सक्तीची तपासणी नसते. चालते तोवर चालवा. परीक्षितने कोल्ड्रिंकचा रिकामा कॅन कापून नळीभोवती गुंडाळला, त्यावर चिकटपट्टी आणि तारा आवळल्या. डॅशबोर्डखाली गॅसची सूचना देणारं एक छोटं यंत्र बसवलं. आणि स्वतःला एक नियम घालून घेतला, की चालकाच्या बाजूची काच कायम दोन बोटं खाली. उणे पंधरा असो, वादळ असो. कानटोपी, मफलर, दोन हातमोजे घालून तो मला चालवायचा आणि काच दोन बोटं खाली असायची. त्याला कारण माहीत होतं आणि ते तो विसरला नाही.

तिथल्या मराठी मुलांची एक रीत आहे. शिक्षण संपवून जाणारा आपली गाडी नव्याने आलेल्याला देतो. गाडीबरोबर प्रेशर कुकर, गादी, कढई आणि तीन हिवाळे वापरलेलं जॅकेटही जातं. कागदपत्रं रीतसर होतात, पण गाडीची खरी माहिती तोंडी दिली जाते, किराणा आणायच्या पहिल्या फेरीत. परीक्षितने मला नागपूरच्या मृणालिनीला दिलं तेव्हा तो म्हणाला, "रेडिओ बंद पडला की वर थाप मार. डिक्की जोरात आपट. आणि ही काच दोन बोटं खाली ठेवायची. ऑलवेज. गॅस आत येतो, जीव जाईल. मस्करी करत नाहीये."

मृणालिनीने मान डोलावली आणि दोन वर्षं नियम पाळलासुद्धा. ते यंत्र मात्र बॅटरी संपत आली म्हणून मिनिटामिनिटाला चिवचिवायला लागलं, तेव्हा तिने वैतागून काढून टाकलं. बॅटरी आणायची राहून गेली. मग तिला सांता क्लाराला नोकरी लागली. विमानाला चार तास होते, खोलीत खोकी पडली होती, आणि माझ्या दारापाशी उभ्या उभ्याच तिने माझी किल्ली नव्याने आलेल्या अवधूतच्या हातात ठेवली. "काच थोडी उघडी ठेवत जा रे, नाही तर डोकं चढतं," ती म्हणाली. परीक्षितने जीव म्हटलं होतं, तिने डोकं म्हटलं. मी ओरडले असते, पण मला फक्त हॉर्न आहे आणि तोही दुसऱ्याने वाजवावा लागतो.

आता अवधूतबद्दल. तो वाईट माणूस नाही, हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला तसं वाटेल. तो हिशेबी आहे. दोन दुकानांतल्या कोथिंबिरीच्या दरात फरक असला तर त्याला तो पाठ असतो. मास्टर्स झालं, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम मिळालं, लग्न झालं, नोव्हीत घर घेतलं. बायको देवयानी पुण्याची. घरी नवी गाडी आली तरी मी दुसरी गाडी म्हणून राहिले. काच दोन बोटं खाली ठेवायची सवय त्याला इतकी लागली होती, की उन्हाळ्यातही त्याचा हात आपोआप बटणाकडे जायचा.

एका फेब्रुवारीत दोघं किराणा घेऊन येत होते. देवयानी चालवत होती, थंडी वाजली म्हणून तिने काच वर केली. अवधूत फोनवर बोलत होता, त्याच्या लक्षात आलं नाही. घरी पोचेपर्यंत ती पांढरी पडली होती. ड्राइव्हवेमध्येच ओकली. त्या रात्री तिने फोनवर सगळं वाचून काढलं असावं, कारण सकाळी ती माझ्यापाशी उभी राहून त्याला म्हणाली, "अवधूत, हा कार्बन मोनॉक्साइड आहे. आय ॲम शुअर."

"म्हणून तर काच उघडी ठेवतो ना आपण," तो म्हणाला.

त्यानंतर देवयानी माझ्यात बसली नाही. म्हणजे दोघांनाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

गेल्या डिसेंबरात त्यांनी दुसरी नवी गाडी घेतली आणि मी गॅरेजमधून बाहेर ड्राइव्हवेवर आले. एका रविवारी दुपारी अवधूत आणि देवयानी दोघं माझी झाडझूड करत होते. अवधूतचा ऑफिसमधला मित्र रवींद्र फोनच्या स्पीकरवर होता. टॅक्स कसा वाचवायचा हे त्याला विचारावं, अशी त्यांच्यात ख्याती आहे.

"ऑक्शनवाल्या चॅरिटीला देऊ नकोस यार," रवींद्र म्हणाला. "ते स्क्रॅपमध्ये काढणार आणि तुला डिडक्शन मिळणार फार तर पाचशे. गरजू फॅमिलीला गाडी देणारी चॅरिटी शोध. त्यांनी फॉर्मवर तसं सर्टिफाय केलं की फुल मार्केट व्हॅल्यू क्लेम करता येते."

"किती धरायची?"

"कंडिशन गुड असेल तर साडेतीन हजार कुठे गेले नाहीत. पण गुड पाहिजे हं. पुअर लिहिलंस की संपलं."

"चालते तर मस्त."

"मग झालं तर. तुम्ही होम लोनमुळे आयटमाइझ करताच, म्हणजे दानाची वजावटही वेगळी मिळेल. फक्त एकतीस डिसेंबरच्या आत दे, नाही तर पुढच्या वर्षात जाईल."

फोन ठेवून अवधूत माझ्या सीटवर बसला आणि तिथेच त्याने फॉर्म भरायला घेतला. मॉडेल, वर्ष, मैल. मग एक प्रश्न आला, गाडीत तुम्हाला माहीत असलेला काही दोष? त्याने 'नन' असं टाइप केलं. देवयानी दारात उभी राहून वाचत होती.

"त्या काचेचं लिही ना," ती म्हणाली.

"कुठल्या काचेचं?"

"अरे, गॅस येतो आत. मला काय झालं होतं ते विसरलास?"

"देवयानी, चार वर्षं चालवली मी. मला काही झालं? तो डिफेक्ट नाहीये, फक्त काच उघडी ठेवायची. आणि तसं लिहिलं तर ते घेणारच नाहीत. मग स्क्रॅप."

"मग स्क्रॅप! काय फरक पडतो?"

"आठशे डॉलर फरक पडतो. टॅक्समध्ये." त्याने फोनवर आकडा करून दाखवला.

"निदान त्यांना फोन करून सांग. प्लीज."

"करतो ना. आधी गाडी पिक अप होऊ दे."

देवयानी आत गेली. मी तिला दोष देणार नाही असं ठरवलं होतं, पण देते. तिच्याही हातात फोन होता.

संस्थेने इंजिन चालू असतानाचा छोटा व्हिडिओ मागितला होता. माझ्या पोटातून फुरफुर आवाज यायचा, तो व्हिडिओत आला असता. अवधूत दुकानातून उष्णता सोसणारी पट्टी घेऊन आला, बर्फात पुठ्ठा अंथरून माझ्याखाली झोपला आणि जुन्या कॅनवर तीन वेढे मारले. आवाज बंद झाला. भोकं तशीच होती. ट्रक आला त्या दिवशी त्याने माझी नंबर प्लेट काढली, डॅशबोर्डवरचा छोटा गणपती अलगद काढून खिशात ठेवला आणि माझ्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाला, "चल, चांगल्या घरी जा." त्याचे डोळे भरले होते. खरंच भरले होते. माणसांचं मला हेच कळत नाही.

ती संस्था इप्सिलांटीत आहे, लहानशी. ज्या आयांना कामावर जायला गाडी नाही त्यांना दान आलेल्या गाड्या ठीकठाक करून देते. तिथे ओडेल नावाचे एक म्हातारे मेकॅनिक फुकट काम करतात. त्यांनी मला नवी बॅटरी घातली, चार चांगले टायर चढवले, तेल बदललं. टायरपुरता हातजॅक लावला, पण पोट बघता येईल इतकं वर उचलणारं यंत्र एकच होतं आणि त्यावर एक व्हॅन चढवलेली होती. ओडेलकाकांनी फॉर्म पाहिला. दोष, नन. इंजिनाजवळ कान नेऊन ऐकलं. समाधानाने मान हलवली. ज्याने दान दिलंय तो खोटं कशाला लिहील, असं त्यांना वाटलं असणार.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात माझ्यावर लाल रिबीन बांधली आणि माझी किल्ली डार्लीनला दिली. डार्लीन तिशीतली आहे, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची अंघोळ, औषधं, जेवण बघते. दोन बस बदलून जायची. तिची मुलगी टेसा पाच वर्षांची. किल्ली हातात आल्यावर डार्लीन रडली आणि टेसाने माझ्या दिव्याचा मुका घेतला. त्या दोघी इंग्रजी बोलतात, मला समजतं, तुम्हाला मराठीत सांगते.

पहिल्या फेरीत मी वाट बघत होते. मराठी मुलांच्या हाती असताना गाडी देणारं कोणी ना कोणी सांगायचं, की काच खाली ठेव. डार्लीनच्या शेजारी फक्त तिची पर्स होती.

पंधरा दिवस अवधूतची पट्टी टिकली. मग एका सकाळी खड्ड्यात आपटले आणि ती सुटली. आवाज थोडा वाढला, डार्लीनने रेडिओ मोठा केला. इतकी वर्षं काच अर्धवट उघडी राहिल्याने तिचं रबर झिजलं होतं आणि तिथून वारा शीळ घालायचा. डार्लीन फार काळजीवाहू बाई आहे. टेसाला वारा लागू नये म्हणून तिने स्पंजची पट्टी कापून ती फट बंद केली. मागच्या सीटवर एक जाड ब्लँकेट अंथरलं. टेसाची खुर्ची तिथेच आहे, बरोबर त्या कुजलेल्या पत्र्यावर.

"ही पोरगी मला रात्र रात्र जागवायची," डार्लीन परवा फोनवर तिच्या बहिणीला सांगत होती. "आणि या गाडीत बसली की पाच मिनिटांत झोपते बघ." ती हसत होती. टेसा उठली की रडते, पोटात ढवळतं म्हणते. डार्लीनचंही डोकं दुखतं. तिला वाटतं थंडीची साथ आहे. दोन पाळ्या करते, तिला तसं वाटणारच.

आता आजचं सांगते. आज फेब्रुवारीतला गुरुवार आहे, दुपारचे अडीच. बर्फामुळे शाळा बंद, म्हणून टेसा आईबरोबर आहे. ज्या आजोबांकडे जायचं त्यांच्या दारात डार्लीन पाऊण तास आधी पोचली. आजोबा झोपले असतील म्हणून ती गाडीतच थांबली. पार्क करताना मागे घेतलं ते बर्फाच्या ढिगात, माझी धुराची नळी त्यात रुतली आहे. धूर मागून निघू शकत नाही, तो सगळा वर येतोय. हीटर चालू आहे. काचा घट्ट बंद आहेत.

संस्थेने तिला सांगितलं होतं, की गाडी देणाऱ्याला आभाराचं पत्र लिहा, आम्ही पोचवू. ते ती लिहितेय, स्टिअरिंगवर कागद ठेवून. लिहिता लिहिता मोठ्याने वाचते. "तुम्ही मला ओळखत नाही. तुम्ही दिलेल्या गाडीमुळे माझी नोकरी टिकली. माझी मुलगी म्हणते, ही गाडी उबदार आहे." मग ती मागे वळून म्हणाली, "टेसा, तुला काय लिहायचंय?" टेसा बोलली नाही. "झोप, झोप," डार्लीन पुटपुटली आणि तिने हीटर एक घर वाढवला.

ते पत्र नोव्हीला जाईल. संस्थेचा फॉर्मही तिथे पोचलाच असेल, गरजू कुटुंबाला दिली या चौकोनात खूण केलेला. अवधूत तो टॅक्सच्या फायलीत लावेल. देवयानी, तू अजून एक फोन करू शकतेस गं. नंबर त्याच कागदावर वरच्या कोपऱ्यात छापलेला असतो.

मी बंद पडायचा प्रयत्न करतेय. एकोणीस वर्षांत मी कधी असं मागितलं नव्हतं. पण बॅटरी नवी आहे, तेल नवं आहे, टाकी डार्लीनने कालच भरली आहे, आणि ओडेलकाकांनी इंजिन इतकं नीट लावलंय की ते एकदाही अडखळत नाही. डार्लीनच्या हातातून पेन दोनदा खाली पडलं. दुसऱ्यांदा तिने ते उचललं नाही. डोकं मागे टेकवून डोळे मिटलेत, पाच मिनिटांसाठी असं म्हणाली.

रस्त्यावर पावलं वाजताहेत. कोणीतरी बर्फ साफ करत या बाजूला येतंय. तुम्ही जे कोणी असाल, माझी भाषा तुम्हाला येत नसेल, तरी थांबा. चंदेरी गाडी, इंजिन चालू, आत आई आणि मुलगी. तुम्हाला वाटेल बिचाऱ्या दमून झोपल्यात, झोपू द्यावं. तसं करू नका. काचेवर ठोठावा. उठल्या नाहीत तर फोडा.